पहिलं लेक्चर, रेल्वेचा पास आणि आमचं वेळापत्रक

आमच्या कॉलेजात एफवायबीकॉमला जेवढी मुलं प्रवेश घेतात, त्यातली बरीच टीवायच्या वर्गात दिसत नाहीत. मुंबईतल्या कुठल्याही कॉमर्स कॉलेजच्या स्टाफरूममध्ये विचारा, कारणं तयार असतात: मुलांना शिकायचंच नाही, सगळं लक्ष मोबाइलमध्ये, कमवायची घाई, लेक्चरला बसायची सवय नाही. काही वर्षांपूर्वी प्राचार्यांनी शिक्षकांच्या बैठकीत एक प्रस्ताव मांडला. दर महिन्याला डिफॉल्टर लिस्ट लावायची, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेलेल्याला पालकांसह बोलवायचं, अंडरटेकिंग लिहून घ्यायचं आणि पुन्हा नाव आलं तर परीक्षेचा फॉर्म अडवायचा. बहुतेकांना ते पटलं. मी संख्याशास्त्र शिकवते आणि आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, कामही माझ्याकडे आहे. मी एवढंच म्हटलं की सोडून जाणारी मुलं नेमकी कोणती, ते आधी बघू या. माहिती आपल्याकडेच आहे. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पुढच्या सत्राच्या आत दाखवा. तोवर मी थांबतो."

ते थांबले, म्हणून पुढचं सगळं होऊ शकलं. निर्णय घेऊन झाल्यावर त्याला आधार म्हणून आकडे मागणारे मी बरेच पाहिले आहेत. आकडे येईपर्यंत निर्णय बाजूला ठेवायला मोठं मन लागतं.

माहिती आपल्याकडे आहे, हे मी उगाच म्हटलं नव्हतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची स्थापना १९९४ची, उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण २०१०-११पासून सुरू झालं आणि एनआयआरएफ या राष्ट्रीय योजनेतली संस्थांची पहिली क्रमवारी २०१६मध्ये आली. या सगळ्यांसाठी कॉलेजं किती विद्यार्थी, किती विद्यार्थिनी, कोणत्या प्रवर्गातले, किती पास झाले, किती पुढे शिकायला गेले, असे रकानेच्या रकाने भरत असतात. नॅकच्या वार्षिक अहवालाच्या दिवसांत आमच्या आयक्यूएसीच्या खोलीतला दिवा रात्री उशिरापर्यंत चालू असतो. ते काम गरजेचं आहे, त्याने शिस्त येते. पण ही माहिती एकाच दिशेने वाहते, कॉलेजातून वर. वर जाताना तिची वर्षाची बेरीज आणि सरासरी होते, आणि ती ज्या वर्गातून आली त्या वर्गात परत कधी येत नाही. मला ती परत आणायची होती, आणि बेरीज होण्याआधीच्या रूपात.

सुरुवात ऑफिसातून केली. प्रवेश अर्जांतून बारावीचे गुण, माध्यम, पत्ता आणि कितव्या मेरिट लिस्टमधून प्रवेश झाला ते मिळालं. परीक्षा विभागाकडे निकालपत्रकं होती, फीच्या पावत्या अकाउंट्सकडे आणि हजेरीची मस्टरं शिक्षकांच्या कपाटांत. आणखी एक रजिस्टर आमच्या ऑफिसातल्या ताईंनी स्वतःहून काढून दिलं. "मॅडम, मुलगा येतोय की नाही ते मस्टरपेक्षा यात लवकर कळतं," असं म्हणत त्यांनी रेल्वे कन्सेशनचं रजिस्टर पुढे केलं.

मुंबईबाहेरच्या वाचकासाठी सांगते. लोकलच्या पासावर विद्यार्थ्यांना सवलत असते आणि तिचा फॉर्म कॉलेज देतं. कुठल्या स्टेशनपासून कुठल्या स्टेशनपर्यंत, महिन्याचा पास की तीन महिन्यांचा, फॉर्म कधी दिला, हे सगळं रजिस्टरमध्ये नोंदवलेलं असतं. आमचं कॉलेज दादर-परळच्या पट्ट्यात आहे. इथे मध्य रेल्वेवरून बदलापूर-टिटवाळ्याची मुलं येतात आणि पश्चिम रेल्वेवरून नालासोपारा-विरारची. डिग्रीची लेक्चरं सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुरू होतात, कारण दुपारी त्याच वर्गांत ज्युनिअर कॉलेज भरतं. बदलापूरच्या मुलाला पहिल्या लेक्चरला पोहोचायचं तर पहाटे साडेपाचच्या आसपासची गाडी पकडावी लागते. हे मला आधीही माहीत होतं, पण त्या रजिस्टरमुळे ते प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहिता आलं.

ही सगळी माहिती एकत्र बांधण्यात बराच वेळ गेला. आकडेवारीच्या कामात निष्कर्षांबद्दल सगळे बोलतात, साफसफाईबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून इथे थोडी थांबते. रोल नंबर डिव्हिजन बदलली की बदलतो, त्यामुळे तो उपयोगाचा नाही. नावं एका कागदावर आडनावापासून सुरू होतात, दुसऱ्यावर आडनाव शेवटी असतं, तिसऱ्यावर आईचं नावही जोडलेलं असतं. शेवटी विद्यापीठाचा पीआरएन, म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांक, हीच एक खूण धरली आणि ज्या कागदावर पीआरएन नव्हता तिथे जन्मतारीख आणि नाव मिळून जुळवणी केली. कन्सेशनच्या रजिस्टरमध्ये नालासोपारा चार-पाच तऱ्हांनी लिहिलेलं होतं.

सगळ्यात अवघड ठरलं मस्टर. काही शिक्षक हजर असलेल्याची खूण करतात, काही फक्त गैरहजराची. काही ठिकाणी तारखेखालचा अख्खा रकाना कोरा. म्हणजे त्या दिवशी सगळा वर्ग गैरहजर होता? की लेक्चर झालंच नाही? की झालं आणि हजेरी घ्यायची राहिली? या तिन्हींचा अर्थ वेगळा, आणि कॉम्प्युटरला कोरी जागा दिली की तो एकतर शून्य धरतो किंवा ती ओळ गाळून टाकतो. मी प्रत्येक शिक्षकाशेजारी बसून मस्टर वाचलं. जिथे खात्री झाली नाही तिथे "माहीत नाही" असाच शेरा ठेवला आणि तो दिवस हिशोबातून काढला. पावसाने गाड्या बंद पडल्या ते दिवसही वेगळे केले. त्या दिवसांची गैरहजेरी मुलाबद्दल काहीच सांगत नाही.

इथे कोणतंही महागडं सॉफ्टवेअर लागलं नाही. जुळवणीला एक्सेलमधला व्हीलुकअप, मोजणीला पिव्होट टेबल, आणि पुढे थोडं 'आर' या आकडेवारीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. कोणाला हे करायचं असेल तर यंत्रापेक्षा मस्टर लिहिणाऱ्या माणसांसाठी जास्त वेळ राखून ठेवावा, असं मी मनापासून सांगेन.

आता मुख्य गोष्ट. वर्गाच्या हजेरीची सरासरी काढून मी बाजूला ठेवली, कारण ती जवळजवळ कोणाचीच हजेरी नव्हती. आलेख काढला तर दोन उंचवटे दिसत होते: एक नियमित येणाऱ्यांचा, एक खूप कमी येणाऱ्यांचा, आणि सरासरी या दोघांमधल्या खोलगट भागात पडत होती. पण खरा उलगडा टक्केवारी सोडून लेक्चरनिहाय बघितलं तेव्हा झाला. समजा, रोज चार लेक्चरं आहेत आणि सत्र १६ आठवड्यांचं आहे. एक मुलगी रोजचं पहिलं लेक्चर चुकवते, बाकी तिन्हींना बसते, आणि सहा दिवसांतला एक दिवस घरच्या कामात जातो. तिची हजेरी ६२.५ टक्के. एक मुलगा पहिले १० आठवडे एकही लेक्चर चुकवत नाही आणि मग यायचाच थांबतो. त्याचीही हजेरी ६२.५ टक्के. डिफॉल्टर लिस्टमध्ये ही दोघं एकाखाली एक येणार, दोघांच्या पालकांना एकच पत्र जाणार. खरं तर ती मुलगी कॉलेजात आहे आणि तो मुलगा गेलेला आहे.

आमच्या आकड्यांत या दोन्ही प्रकारची मुलं स्पष्ट वेगळी पडली. पहिल्या प्रकारातली बहुतेक मुलं लांबून येणारी होती आणि त्यातली फारच थोडी कॉलेज सोडत होती. सोडणाऱ्यांत दुसरा प्रकार जास्त होता: आधी अधूनमधून अख्खे दिवस बुडायला लागतात, मग सलग आठवडे. यातली जी मुलं गाडीने येणारी होती, त्यांचं पासाचं नूतनीकरण मस्टरमधली टक्केवारी ७५च्या खाली यायच्या कितीतरी आधी थांबलेलं होतं. ताईंचं म्हणणं खरं ठरलं. पण या रजिस्टरला मर्यादा आहे. बेस्टच्या बसने येणारी, चालत येणारी, मित्राच्या बाइकवर येणारी मुलं त्यात नाहीतच. म्हणून पासाची नोंद हा आधार धरला, पण ती नसणं हा कशाचाच पुरावा मानला नाही. तीन महिन्यांच्या पासावरून महिन्याच्या पासावर आलेली मुलं पैशांच्या अडचणीत असावीत, असा एक अंदाजही तपासला. तशी मुलं इतकी कमी होती की काही ठरवता येईना, म्हणून तो सोडून दिला.

मग केटीचा, म्हणजे नापास झालेला विषय घेऊन पुढे जाण्याचा, प्रश्न आला. आमच्याकडे एफवायला सर्वाधिक केटी मॅथ्स-स्टॅट्समध्ये लागायच्या, आणि लांबून येणाऱ्यांत त्या आणखी जास्त. हे बघून लगेच "प्रवासामुळे" असं म्हणणं सोपं होतं. पण लांबची बरीच मुलं शेवटच्या मेरिट लिस्टमधून आलेली असतात, त्यांचे बारावीचे गुण मुळात कमी असतात. मग केटी प्रवासाची की जुन्या पायाची? यासाठी बारावीच्या गुणांचे गट पाडले आणि प्रत्येक गटात जवळची आणि लांबची मुलं समोरासमोर ठेवली. फरक थोडा कमी झाला, पण टिकला. मात्र अकाउंट्समध्ये तो जवळजवळ दिसत नव्हता. वेळापत्रक काढून बघितलं तर अकाउंट्स बहुतेक दिवस तिसऱ्या लेक्चरला होतं आणि मॅथ्स-स्टॅट्स पहिल्या. सकाळी डोकं ताजं असतं म्हणून गणित पहिलं ठेवायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. एका डिव्हिजनला मात्र वर्ग मिळत नव्हता म्हणून मॅथ्स-स्टॅट्स उशिरा लावलेलं होतं, आणि त्या डिव्हिजनमध्ये जवळच्या-लांबच्या मुलांच्या निकालातली दरी फारशी नव्हती. वर्गांच्या अडचणीतून आपोआप घडलेला हा प्रयोग माझ्या दृष्टीने सगळ्यात भक्कम पुरावा होता.

गुणांचे गट पाडल्याचा आणखी एक फायदा झाला. आमच्या शेवटच्या डिव्हिजनचा निकाल दरवर्षी सगळ्यांत खाली असायचा आणि तिथे शिकवणाऱ्या मॅडमना दर बैठकीत त्यावरून ऐकावं लागायचं. ती डिव्हिजन भरते उशिरा प्रवेश घेतलेल्यांची. सारख्या गुणांची मुलं समोरासमोर ठेवली तर त्यांच्या वर्गाचा निकाल कुठेच मागे नव्हता, एका गटात तर पुढे होता. एकत्र केलेला आकडा असा फसवतो, याचं गाजलेलं उदाहरण बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं आहे. १९७३च्या पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. सगळ्यांना वाटलं, उघड भेदभाव. १९७५मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या विश्लेषणात विभागवार पाहिल्यावर चित्र बदललं: जिथे मुळातच थोड्यांना प्रवेश मिळतो अशा विभागांत स्त्रियांचे अर्ज जास्त होते. बैठकीत मी हे उदाहरण सांगितलं आणि मग आमचा तक्ता दाखवला. त्या मॅडम काही बोलल्या नाहीत, पण बैठकीनंतर स्वतःच्या जुन्या मस्टरांचा गठ्ठा आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आणखी लागली तर घरीही आहेत."

कोण जातं ते आकडे सांगत होते, का जातं ते सांगत नव्हते. त्यासाठी आम्ही काही शिक्षकांनी सोडून गेलेल्या मुलांना फोन केले. आधी ठरवून घेतलं की जाब विचारायचा नाही, परत ये असा आग्रह करायचा नाही, फक्त ऐकायचं. पहिली गोष्ट कळली ती अशी की आमच्या "गळती"तली बरीच मुलं गळालेलीच नव्हती. सीईटीनंतरच्या प्रवेशफेऱ्या लांबतात, तोवर हातात काहीतरी असावं म्हणून अनेक जण बीकॉमला प्रवेश घेऊन ठेवतात आणि दुसरीकडे जागा मिळाली की जातात. काही सीएच्या तयारीला लागलेले होते, काही नाशिकच्या मुक्त विद्यापीठात नाव घालून नोकरी करत होते. ही मुलं शिकतच होती. आमच्या रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढेही तोच शेरा होता, जो शिक्षण पूर्ण सुटलेल्या मुलाच्या नावापुढे होता. तेव्हापासून आम्ही सोडण्याचं कारण वेगळ्या रकान्यात लिहितो. एवढा एक रकाना वाढल्याने पुढची सगळी आकडेमोड बदलली.

उरलेल्यांची कारणं ऐकताना जड जायचं. वडिलांचं काम सुटलेलं. दिवाळीच्या आधी दुकानात दोन महिन्यांसाठी लागलेला मुलगा, ज्याला मालकाने पुढेही ठेवून घेतलं. फीचा दुसरा हप्ता राहिलेला, नोटीस बोर्डावर नाव लागलेलं, आणि त्यानंतर कॉलेजच्या गेटमधून आत यायचीच लाज वाटू लागलेली. हे शेवटचं कारण मी आकड्यांत परत जाऊन शोधलं: फी थकलेल्यांची यादी लागल्यानंतरच्या आठवड्यांत त्या मुलांचे अख्खे दिवस बुडण्याचं प्रमाण वाढलेलं होतं. टिटवाळ्याच्या एका मुलीने पहिल्या लेक्चरबद्दल सांगितलं की स्टेशनपर्यंतचा रस्ता अंधाराचा आहे, उजाडल्याशिवाय घरचे निघू देत नाहीत. लांबून येणाऱ्या मुली मुलांपेक्षा पहिलं लेक्चर जास्त चुकवतात, हे मला आलेखात दिसलेलं होतं. त्याचा अर्थ तिने सांगितला.

पुढचा टप्पा होता, मूल सुटायच्या आधी ओळखता येईल का हा. मी लॉजिस्टिक रिग्रेशनचं, म्हणजे अनेक गोष्टींवरून मूल जाण्याची शक्यता काढणारं, मॉडेल बसवून पाहिलं आणि त्याच्या शेजारी एक साधा नियम ठेवला: सलग दोन आठवड्यांत निम्म्याहून जास्त दिवस पूर्ण गैरहजर, पहिली इंटर्नल परीक्षा चुकलेली, फीचा हप्ता थकलेला, यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी असतील तर नाव यादीत. मागच्या वर्षांच्या मुलांवर दोन्ही तपासले. मॉडेल किंचित सरस होतं, पण इतकं नाही की त्यासाठी सहकाऱ्यांना न समजणारी गोष्ट त्यांच्या हातात द्यावी. साधा नियम कोणत्याही मेंटॉर शिक्षकाला, म्हणजे ज्याच्याकडे काही मुलांची विचारपूस सोपवलेली असते त्याला, एका मिनिटात कळतो आणि त्याच्याशी वादही घालता येतो. तो निवडला.

मॉडेल किती टक्के अचूक आहे, असं मला बैठकीत विचारलं गेलं. हा प्रश्न फसवा आहे, म्हणून फळ्यावर हिशोब मांडला. समजा, ६०० मुलं आहेत आणि त्यातली ६० जाणार आहेत. नियमाने त्या ६०पैकी ४५ ओळखली आणि उरलेल्या ५४०पैकी ५४ जणांची नावं उगाच घेतली. यादीत ९९ नावं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त मुलं कुठेच जाणार नाहीत. एकूण अचूकता ८८.५ टक्के. आणि "कोणीच जाणार नाही" असं डोळे मिटून म्हटलं तर अचूकता ९० टक्के! तेव्हा अचूकतेच्या टक्क्याने काहीच ठरत नाही. चुकून नाव आलेल्याचं काय होणार, यावर सगळं ठरतं. यादीतल्या मुलाला शिक्षकाचा आपुलकीचा फोन जाणार असेल, तर ५४ जादा फोनांनी कोणाचं काही बिघडत नाही. त्याचा परीक्षेचा फॉर्म अडणार असेल, तर तो ५४ मुलांवर अन्याय आहे.

हे मी ठासून मांडलं, कारण अशा याद्या उलट्या हेतूनेही वापरल्या गेल्या आहेत. २०१६मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या एका विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं. नव्या मुलांच्या सर्वेक्षणातून डळमळीत वाटणारी मुलं ओळखायची आणि गळतीच्या मोजणीची तारीख येण्याआधीच त्यांना जायला सांगायचं, म्हणजे टिकण्याचं प्रमाण चांगलं दिसेल, असा तो बेत होता. आकडा सुधारतो आणि मूल बाहेर पडतं. आमच्याकडे असं कोणाच्या मनात नव्हतं, पण क्रमवारीच्या दबावाखाली असलेल्या कुठल्याही संस्थेला हा मोह होऊ शकतो, म्हणून नियम लिहून घेतले. यादी नोटीस बोर्डावर लागणार नाही, ती फक्त त्या मुलाच्या मेंटॉरकडे जाईल. तिच्यावरून कोणालाही परीक्षेला बसण्यापासून अडवायचं नाही. सत्र संपलं की ती पुसायची. जात आणि धर्म नियमात घ्यायचे नाहीत; पण नियम एखाद्या गटातल्या मुलांची नावं उगाच जास्त काढतोय का, हे तपासायला प्रवर्गाचा रकाना वर्षातून एकदा वापरायचा. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि एफवायला येणारी कितीतरी मुलं १७ वर्षांची असतात. त्यामुळे प्रवेशाच्या वेळीच, कोणती माहिती कशासाठी वापरू, हे मराठीत आणि इंग्रजीत पालकांना लिहून द्यायला सुरुवात केली.

वेळापत्रकाची बैठक सगळ्यात लांबली. मॅथ्स-स्टॅट्स तिसऱ्या लेक्चरला न्यायचं म्हटलं, तर ते शिकवणारे दोघे तासिका तत्त्वावरचे. दहानंतर त्यांची दुसऱ्या कॉलेजात लेक्चरं. त्यांना मिळणारं मानधन तासांवर अवलंबून, त्यामुळे तिथली लेक्चरं सोडा असं सांगण्याचा आम्हाला काही अधिकार नव्हता. साडेसातला सुरू करू म्हटलं, तर दुपारी ज्युनिअर कॉलेजला वर्ग मोकळे करून देण्याचा प्रश्न. एका ज्येष्ठ सरांचा विरोध वेगळाच होता: "उद्या नोकरीत कोणी तुमच्यासाठी वेळ बदलणार नाही. आम्हीही पहाटेच्या गाड्यांनी शिकलो." त्यांचं म्हणणं मी हलकं धरत नाही. ते स्वतः आजही डोंबिवलीहून पहिल्या लेक्चरला वेळेवर येतात. मी त्यांना एवढंच दाखवलं की त्याच मुलांची तिसऱ्या लेक्चरची हजेरी जवळच्या मुलांइतकी आहे. शिस्त नसती तर ते तिथेही दिसलं असतं.

शेवटी मध्यम मार्ग निघाला. पहिलं लेक्चर कोणत्याही एका विषयाकडे कायम ठेवायचं नाही, दिवसागणिक विषय फिरवायचा. मॅथ्स-स्टॅट्सचं ट्युटोरियल तिसऱ्या तासाला घ्यायचं, आणि पहिल्या लेक्चरला नवा मुद्दा सुरू न करता आदल्या मुद्द्यावरची गणितं सोडवून घ्यायची. फीची यादी बोर्डावरून काढून त्या जागी ज्याचा त्याला निरोप आणि हप्ते पाडून घेण्याची सोय आली. डिफॉल्टर लिस्टचा प्रस्ताव प्राचार्यांनी मागे घेतला. ७५ टक्क्यांचा नियम आहे तसा आहे, पण पालकांना पत्र पाठवण्याआधी मेंटॉरने मुलाशी बोलायचं आणि गैरहजेरी कोणत्या प्रकारची आहे ते लिहायचं, असं ठरलं.

फरक पडला का? पुढच्या वर्षी मॅथ्स-स्टॅट्समध्ये जवळच्या आणि लांबच्या मुलांमधली दरी कमी झाली. अकाउंट्समध्ये ती आधीसारखीच, म्हणजे जवळजवळ नव्हती. दोन्ही विषयांत एकदम सुधारणा झाली असती तर मुलांची तुकडीच चांगली होती असं म्हणावं लागलं असतं. एकाच विषयात झाली, म्हणून मी वेळापत्रकाला थोडं श्रेय देते. मेंटॉरच्या फोनांबद्दल मात्र जपून बोलते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 'कोर्स सिग्नल्स' नावाची पद्धत आणली होती, विद्यार्थ्याला लाल, पिवळा, हिरवा दिवा दाखवणारी. ती असलेले जास्त विषय घेतलेली मुलं जास्त टिकतात, असा दावा झाला. २०१३मध्ये टीकाकारांनी दाखवून दिलं की मूल जितकं जास्त टिकतं तितके असे विषय त्याच्या वाट्याला जास्त येतात, म्हणजे गाडी उलटी जोडली गेली असावी. आमच्याकडेही फोन उचलणारं मूल आणि टिकणारं मूल एकच असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून मी फोन उचलले गेले की नाही हे न बघता, ज्यांना ज्यांना फोन केला त्या सगळ्यांची मागच्या वर्षीच्या तशाच मुलांशी तुलना करते. आत्तापर्यंत थोडी सुधारणा दिसते. ठामपणे काही म्हणावं इतकी नाही.

मधल्या काळात २०२४-२५पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे विषयांची रचना बदलली आणि आमची जुनी तुलना तुटली. आता नव्या विषयांवर पायाभूत नोंदी पुन्हा गोळा करतो आहोत. मस्टरमध्ये झालेलं, न झालेलं आणि हजेरी न घेतलेलं लेक्चर यांसाठी तीन वेगळ्या खुणा ठरल्या आहेत, आणि सगळे शिक्षक त्या वापरतात. कन्सेशनचा फॉर्म भरताना ताई आता पीआरएन लिहून घेतात.

दिवाळीच्या हंगामी नोकऱ्यांचा प्रश्न तसाच आहे. सणाआधीच्या आठवड्यांत जी मुलं कामाला लागतात, त्यांची दुसरी इंटर्नल परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येते. ती चुकली की बरीच मुलं परत येत नाहीत. परीक्षा गणपतीनंतर लगेच घ्यावी, किंवा कामावर असलेल्या मुलांना दुसरी तारीख द्यावी, असे दोन पर्याय आहेत. परीक्षा समितीला दुसरी तारीख नको आहे, कारण वेगळी प्रश्नपत्रिका काढावी लागते. किती मुलांना ती लागेल याचा डिव्हिजनवार तक्ता मी काढला आहे. पुढच्या शैक्षणिक कॅलेंडरच्या बैठकीत तो मांडणार आहे, आणि त्या ज्येष्ठ सरांनी या वेळी माझ्या बाजूने बोलायचं कबूल केलं आहे.